इलखानी नाणी : मंगोल सार्वभौमत्वाचा बदलता मुद्रालेख

१. प्रश्न आणि साधने

इ.स. १२५८ च्या फेब्रुवारीत हुलागूखानाच्या सैन्याने बगदाद जिंकले आणि अब्बासी खलीफा अल्-मुस्तासिम याचा वध झाला. या घटनेची राजकीय फलश्रुती इतिहासग्रंथांतून विस्ताराने सांगितली गेली आहे. परंतु तिने टांकसाळीपुढे जो पेच उभा केला, त्याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. इस्लामी जगात शुक्रवारच्या खुत्ब्यात नाव घेतले जाणे आणि सिक्क्यावर नाव असणे ही सार्वभौमत्वाची दोन मान्य लक्षणे होती. प्रादेशिक सुलतान आपल्या नावाच्या जोडीला खलीफाचे नाव नाण्यावर घालीत, कारण सत्तेची वैधता त्या नावातून झिरपत खाली येते अशी समजूत होती. आता ते नावच नाहीसे झाले. दिल्लीच्या सुलतानांनी या अडचणीतून सोपी वाट काढली. बल्बन आणि जलालुद्दीन खलजी यांच्या नाण्यांवर मृत खलीफाचे नाव पूर्ववत झळकत राहिले. परंतु ज्यांनी खलीफाला मारले, त्या इराणातील मंगोल राज्यकर्त्यांना ही वाट मोकळी नव्हती. आपली सत्ता कोठून आली, हे त्यांना नव्याने सांगावे लागले.

या राज्यकर्त्यांची हकीकत मुख्यतः जुवैनी, रशीदुद्दीन आणि वस्साफ यांच्या फार्सी ग्रंथांतून कळते. हे ग्रंथ अमोल आहेत. पण तिन्ही ग्रंथकार मंगोल राजवटीशी निगडित होते. जुवैनी बगदादचा कारभारी होता, तर रशीदुद्दीन प्रत्यक्ष वजीर. राजाने इस्लाम स्वीकारला की त्याचा पूर्वेतिहास मागे पडावा आणि नव्या धर्माचे तेज पुढे यावे, अशी या लेखनाची स्वाभाविक ओढ आहे. नाण्याचे तसे नाही. ते ज्या वर्षी पाडले गेले, त्या वर्षीचा दावा त्यावर कोरलेला असतो आणि पुढे त्यात दुरुस्ती करता येत नाही. इलखानी नाण्यांचा क्रम लावून पाहिला असता गाझानखानाच्या धर्मांतराविषयीचा रूढ समज, म्हणजे मंगोल परंपरा संपून इस्लामी राज्य सुरू झाले हा समज, अपुरा ठरतो. तो कसा, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. आरंभीची नाणी

मंगोलांना स्वतःची नाणकपरंपरा नव्हती. जिंकलेल्या प्रदेशातील टांकसाळी, कारागीर आणि ठसे यांवरच त्यांचा आरंभीचा व्यवहार चालला. गझनी येथे हिजरी ६१८ (इ.स. १२२१-२२) मध्ये पाडलेला चंगीझखानाचा सुवर्ण दिनार या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यावर चंगीझखानाला न्यायी व महान म्हटले असून, त्याच नाण्यावर बगदादचा खलीफा अन्-नासिर याचेही नाव आहे. ज्याने खुरासानातील नगरे नुकतीच धुळीस मिळविली, त्याच्या नाण्यावर खलीफाचे नाव यावे, हा काही चंगीझखानाच्या श्रद्धेचा पुरावा नव्हे. नाणे बाजारात चालावयाचे तर ते ओळखीचे दिसले पाहिजे, हे टांकसाळीतील माणसांना पक्के ठाऊक होते.

ओगताईच्या मृत्यूनंतर (इ.स. १२४१) त्याची पत्नी तोरेगेने हिच्याकडे काही वर्षे राज्यकारभार होता. या काळात तबरीझ, गंजा इत्यादी ठिकाणी जे चांदीचे दिर्हम निघाले, त्यांवर अश्वारूढ धनुर्धाऱ्याची आकृती आहे आणि 'महान मंगोल राष्ट्राचा अधिपती' या अर्थाचा तुर्की लेख अरबी लिपीत आहे. व्यक्तीचे नाव मात्र कोठेही नाही. गादी रिकामी असताना सत्ता व्यक्तीच्या नव्हे, तर समग्र मंगोल 'उलुसा'च्या नावाने चालते, ही कल्पना यातून व्यक्त होते. पुढे गुयुक कागान झाल्यावर जॉर्जियाचा ख्रिस्ती राजा दाविद याने काढलेल्या नाण्यांवर फार्सीत, ईश्वराच्या सामर्थ्याने आणि जगाचा बादशहा गुयुक कागान याच्या भाग्याने हे नाणे पाडले, असा आशय असून दाविद स्वतःस 'बंदा', म्हणजे दास, म्हणवितो. मांडलिकत्वाचा इतका उघड उच्चार तहनाम्यांतही क्वचितच आढळेल.

३. 'कागानाच्या नावाने'

हुलागू इराणात आला तो आपला वडील बंधू मोंगके कागान याचा सेनापती म्हणून. त्याच्या नाण्यांवर मोंगकेचे नाव श्रेष्ठ कागान म्हणून आधी येते आणि हुलागूचे नंतर. नाण्याच्या दुसऱ्या अंगावर कुराणाच्या तिसऱ्या सूऱ्यातील एका वचनाची योजना केलेली आढळते. ईश्वर इच्छेस येईल त्याला राज्य देतो आणि इच्छेस येईल त्याच्याकडून ते काढून घेतो, असा त्याचा भावार्थ आहे. या निवडीमागील बुद्धी विलक्षण म्हटली पाहिजे. खलीफाचे नाव गाळून जी जागा रिकामी झाली, ती खलीफाच्याच धर्मग्रंथाने भरून काढली आणि बगदादच्या पतनाला ईश्वरी संमतीचा अर्थ दिला. वचन निवडणारा मंगोल सरदार असण्याचा संभव नाही. विजेत्याच्या पदरी गेलेल्या मुसलमान अधिकाऱ्यांनी विजेत्याचा दावा जितांच्या भाषेत मांडून दिला, असाच याचा अर्थ होतो.

अबाकाच्या कारकीर्दीच्या (इ.स. १२६५–८२) उत्तरार्धात नाण्यांवर एक नवे अंग दिसू लागते. सोग्दी लिपीतून निघालेल्या आणि मंगोलांनी आपल्या भाषेसाठी स्वीकारलेल्या उइगुर लिपीत त्यांवर एक मंगोल वाक्य येते. त्याचा अर्थ, 'कागानाच्या नावाने अबाकाने पाडविलेले'. दुसऱ्या अंगावर अरबीत इस्लामी कलमा असे. अबाका बौद्ध मताचा होता आणि त्याची एक राणी बायझंटाईन सम्राटाची कन्या होती. तरीही त्याच्या नाण्यावर कलमा आहे. त्याच काळात तिफ्लिस येथे निघालेल्या दिर्हमांवर क्रूसाचे चिन्ह असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव अरबीत कोरलेले आहे. यावरून अबाकाच्या वैयक्तिक धर्ममताविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. धर्मवचन हे ज्या प्रदेशात नाणे चालावयाचे त्या प्रदेशाचे होते, आणि मंगोल वाक्य हे राज्यकर्त्याचे होते. एका अंगाने नाणे प्रजेशी बोले, दुसऱ्या अंगाने साम्राज्याशी.

या मंगोल वाक्यातील कागान म्हणजे दूर चीनमध्ये राज्य करणारा कुबलाईखान. 'इलखान' या उपाधीचा अर्थ सामान्यतः 'अंकित खान' असा केला जातो आणि नाण्यांवरील वाक्य त्याला पुष्टी देते. अर्घूनाने इ.स. १२८९ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यास धाडलेले मंगोल पत्र पॅरिस येथे जतन केलेले आहे. त्यावर चिनी अक्षरांची तांबडी चौकोनी मुद्रा उमटविली आहे. म्हणजे युरोपशी व्यवहार करतानाही इलखानाच्या अधिकाराची खूण पूर्वेकडची होती.

येथे अहमद तेगुदेराची नाणी विशेष लक्षात घेतली पाहिजेत. हा अबाकाचा भाऊ इ.स. १२८२ मध्ये गादीवर आला. तो मुसलमान झालेला पहिला इलखान होय. रूढ समज खरा असता, तर याच्याच नाण्यांवर कागानाचे नाव प्रथम गळून पडावयास हवे होते. तसे झाले नाही. त्याच्या नाण्यांवर 'कागानाच्या नावाने अहमदाने पाडविलेले' असेच वाक्य आहे. नंतर आलेल्या अर्घूनाने (इ.स. १२८४–९१) तेच वाक्य पुढे चालविले. राजाचा धर्म बदलला, पुन्हा उलटला, पण मुद्रालेख बदलला नाही. कारण तो धर्माविषयी नव्हताच. तो अधिकाराच्या उगमाविषयी होता.

४. चावचा प्रयोग

गैखातूच्या कारकीर्दीत (इ.स. १२९१–९५) या परंपरेला एक निराळे वळण मिळाले. त्याच्या नाण्यांवर 'इरिंजिन तुर्जी' हे त्याचे बौद्ध नाव येते. मूळ तिबेटी शब्द रिन्चेन दोर्जे, म्हणजे रत्न आणि वज्र. संस्कृत धर्मपरिभाषेचे तिबेटीत झालेले भाषांतर मंगोलांच्या मुखाने तबरीझच्या दिर्हमावर उमटावे, यावरून त्या काळच्या दळणवळणाची कल्पना येते.

गैखातूच्या उधळपट्टीने आणि गुरांच्या साथीने खजिना रिता झाला होता. त्या वेळी वजीर सद्रुद्दीन झंजानी याने चीनच्या धर्तीवर कागदी चलन काढण्याचा मार्ग सुचविला. कुबलाईचा प्रतिनिधी म्हणून इराणात राहिलेल्या बोलाद याच्याकडून चीनमधील व्यवस्थेची माहिती घेण्यात आली आणि इ.स. १२९४ मध्ये तबरीझ येथे 'चाव' जारी झाला. कागदावर चिनी अक्षरे होती, कलमा होता आणि इरिंजिन तुर्जी हे नावही होते. अर्ध्या दिर्हमापासून दहा दिनारांपर्यंत त्याच्या किमती होत्या. जो तो घेणार नाही, त्याला देहदंडाची शिक्षा फर्मावण्यात आली. दुकाने ओस पडली, व्यापाऱ्यांनी माल दडविला, शहरात अन्न मिळेनासे झाले आणि सुमारे दोन महिन्यांत हा हुकूम मागे घ्यावा लागला.

कुबलाईने इ.स. १२६० पासून काढलेले कागदी चलन चीनमध्ये चालले, कारण त्यामागे शतकांची सवय होती, आरंभी चांदीचा आधार होता आणि सरकार स्वतः तो कागद करापोटी स्वीकारीत होते. इराणात यांपैकी काहीच नव्हते. बाह्य रूप तेवढे उचलले गेले. कलमा, राजाचे नाव आणि चिनी अक्षरे अशी अधिकाराची सर्व चिन्हे एका कागदावर एकत्र करूनही सराफाच्या लेखी त्याची किंमत कागदाचीच राहिली.

या प्रसंगानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी महंमद तुघलकाने हिंदुस्थानात तांब्या-पितळेचा सांकेतिक टंका चालू केला (हिजरी ७३०–७३२, इ.स. १३२९–३२). ही नाणी दिल्लीप्रमाणेच दौलताबादच्या, म्हणजे पूर्वीच्या देवगिरीच्या, टांकसाळीतही पाडली गेली. त्यामुळे यादवांच्या राजधानीच्या पायथ्याशी हाच प्रयोग वेगळ्या धातूत घडला, असे म्हणता येते. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा लेख त्यांवर आहे. बरनीच्या सांगण्यानुसार तेथे घरोघर खोटी नाणी पडू लागली आणि अखेर सुलतानाला ती खऱ्या नाण्यांच्या बदल्यात परत घ्यावी लागली. तबरीझला लोकांनी चलन नाकारले, तर दिल्लीला त्यांनी ते स्वतःच तयार केले. अपयशाचे प्रकार भिन्न आहेत, परंतु आज्ञेने मूल्य निर्माण होत नाही, हा धडा एकच आहे.

५. गाझानाची सुधारणा

इ.स. १२९५ मध्ये गाझान गादीवर आला. त्याच वर्षी त्याने इस्लामचा स्वीकार करून महंमूद हे नाव घेतले होते. गादीवर आल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याने चलनाची पुनर्घटना हाती घेतली. रशीदुद्दीनाने तिचे सविस्तर वर्णन केले आहे. प्रांताप्रांतांत नाण्यांचा कस व वजन वेगळे असल्यामुळे एका प्रांतातले नाणे दुसऱ्या प्रांतात बट्ट्याशिवाय चालत नसे, आणि व्यापारी मालाऐवजी नाण्यांचीच ने-आण करून नफा काढीत. गाझानाने चांदीचा कस उच्च राखला आणि अर्ध्या मिस्कालाचा, म्हणजे सुमारे २.१६ ग्रॅमचा, दिर्हम ठरविला. दुहेरी दिर्हम सुमारे ४.३२ ग्रॅमचा, आणि सहा दिर्हमांचा चांदीचा दिनार जवळजवळ १३ ग्रॅमचा झाला. आज संग्रहालयांत असलेली नाणी तोलून पाहता वजनाचे हे प्रमाण कागदोपत्री नव्हते, ते प्रत्यक्षात पाळले गेले, याची खात्री पटते. गैखातूने जे चिन्हांच्या बळावर साधू पाहिले, ते गाझानाने धातूच्या बळावर साधले.

पण या नाण्यांचे महत्त्व वजनापुरते नाही. त्यांच्या एका अंगावर कलमा आहे. दुसऱ्या अंगावर उइगुर लिपीतील मंगोल वाक्य आहे आणि त्यातच अरबी अक्षरांत 'गाझान महंमूद' हे नाव बसविले आहे. मंगोल वाक्य मात्र आता बदललेले आहे. 'कागानाच्या नावाने' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'तेंग्रीच्या सामर्थ्याने गाझानाने पाडविलेले' असे शब्द आले. तेंग्री म्हणजे मंगोलांचे सनातन आकाशदैवत. त्याच्याच सामर्थ्याने आपण राज्य करतो, असे चंगीझखानाचे वंशज आपल्या आज्ञापत्रांच्या आरंभी लिहीत.

हा बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. गाझान मुसलमान झाला म्हणून त्याने मंगोल भाषेचा त्याग केला नाही. ज्या क्षणी इस्लाम हा राज्याचा धर्म झाला, त्याच क्षणी नाण्यावरील मंगोल विधान अधिक ठाम झाले. पूर्वी अधिकार तेंग्रीकडून कागानाकडे आणि कागानाकडून इलखानाकडे येत असे. आता मधला दुवा काढून टाकण्यात आला. याचे निकटचे कारण धर्मांतरात शोधण्यापेक्षा इ.स. १२९४ च्या आरंभी झालेल्या कुबलाईच्या मृत्यूत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. कुबलाई हा हुलागूचा सख्खा भाऊ आणि सर्वांचा वडीलधारा होता. त्याच्या नातवाविषयी तबरीझला तेवढा आदर वाटण्याचे कारण उरले नव्हते. धर्मांतराने गाझानाला मुसलमान प्रजेपुढे स्वतंत्र अधिष्ठान दिले, आणि तेंग्रीच्या उल्लेखाने मंगोल सरदारांपुढे. एकाच नाण्यावर दोन समाजांना दोन उत्तरे दिली गेली. दोहोंचा निष्कर्ष एकच, की इराणच्या बादशहावर आता मनुष्यांपैकी कोणी श्रेष्ठ नाही.

याच नाण्यांवर कडेला फग्स-पा लिपीतील काही अक्षरे आहेत. ही लिपी कुबलाईच्या आज्ञेवरून तिबेटी लामा फग्स-पा याने तयार केली होती. या अक्षरांचे वाचन काही अभ्यासकांनी 'चक्रवर्ती' असे केले आहे. ते मान्य केल्यास कलमा, तेंग्री आणि चक्रवर्ती या सार्वभौमत्वाच्या तीन स्वतंत्र कल्पना बोटाच्या पेराएवढ्या चांदीच्या तुकड्यावर एकत्र आल्या असे होते. बौद्ध विहार पाडविणाऱ्या राजाच्या नाण्यावर बौद्धांकडून मंगोलांकडे आलेली पदवी राहावी, यात विसंगती दिसते. परंतु राजाची पदवी आणि राजाची उपासना या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे अबाकाच्या नाण्यांवरील कलम्यानेही दाखविले होते.

६. अक्षर आणि आकृती

कलेच्या दृष्टीने पाहता इलखानी नाण्यांची वाटचाल आकृतीकडून अक्षराकडे झाली. आरंभीच्या धनुर्धाऱ्यानंतर अर्घूनाच्या काही नाण्यांवर सिंह व सूर्य आढळतात. हे चिन्ह आशिया मायनरमधील सेल्जुकांच्या नाण्यांवर पूर्वीपासून होते. गाझानाच्या सुधारणेनंतर मुख्य चांदीच्या नाण्यांतून सजीव आकृती जवळजवळ नाहीशा झाल्या. याचा अर्थ दरबारी कलेतून त्या गेल्या असा मात्र नव्हे. तख्त-इ-सुलेमान येथील अबाकाच्या प्रासादाच्या कौलांवर चिनी घाटाचे नाग व पक्षी होते, आणि रशीदुद्दीनाच्या इतिहासग्रंथाच्या इ.स. १३१४ च्या हस्तलिखितात मानवी आकृतींची रेलचेल आहे. राजवाडा आणि ग्रंथ हे थोड्यांच्या दृष्टीस पडत. नाणे सर्वांच्या हाती जाई. तेथे अक्षराचाच मान राहिला.

हे अक्षर सुंदर होते. याकूत अल्-मुस्तासिमी (मृत्यू इ.स. १२९८) याच्या बगदादमधील परंपरेने अरबी सुलेखनाला या काळात जी प्रमाणबद्धता आणली, तिच्या वातावरणातच टांकसाळीतील ठसेकार काम करीत होते. ओल्जाइतूच्या (इ.स. १३०४–१६) नाण्यांवर मजकूर वाढला. प्रथम चार खलीफांची नावे आली, इ.स. १३१० च्या सुमारास त्याने शिया मत स्वीकारल्यावर ती जाऊन अलीचा उल्लेख व कडेने बारा इमामांची नावे आली. सुल्तानिया येथील त्याच्या समाधीचा सुमारे ५० मीटर उंचीचा घुमट आणि ही दाट लेखांची नाणी एकाच अभिरुचीची अपत्ये आहेत. अबू सईदाच्या (इ.स. १३१६–३५) काळी चार खलीफा परतले. एका प्रकारात कलमा मशिदीच्या मिहराबाच्या आकारात बसविलेला आहे. दुसऱ्यात तो चौकोनी कूफी अक्षरांत, विटांच्या बांधकामाप्रमाणे, गुंफलेला आहे. त्या काळच्या इमारतींच्या भिंतींवर हीच अक्षररचना विटांत व कौलांत आढळते.

७. उत्तरकाळ

अक्षर सुधारत गेले, तसे वजन उतरत गेले. गाझानाचा दुहेरी दिर्हम ४.३२ ग्रॅमचा होता. ओल्जाइतूच्या अखेरीस त्यात कपात सुरू झाली आणि अबू सईदाच्या शेवटच्या वर्षांत तो तीन ग्रॅमच्याही खाली आला. मात्र प्रत्येक कपातीबरोबर नाण्याचा नमुनाही बदलण्यात आला. त्यामुळे जुने व नवे नाणे ओळखता येई आणि फसवणुकीला वाव राहत नसे. शंभराहून अधिक टांकसाळींत हा नमुना एकाच वेळी बदलला जाई, ही शासनाच्या दुर्बलतेची नव्हे, तर शिस्तीची खूण मानली पाहिजे. अबू सईदाच्या काही नाण्यांवर 'खानी ३३' असा शक आहे. हा शक गाझानाने इ.स. १३०२ मध्ये सुरू केला होता. हिजरी शक बाजूस सारून खानाच्या नावाचा शक नाण्यावर येणे हेही मंगोल अभिमान शमला नसल्याचेच चिन्ह होय.

इ.स. १३३५ मध्ये अबू सईद निपुत्रिक वारला आणि राज्याची शकले झाली. यापुढील नाणी वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. खरी सत्ता चोबानी व जलायरी सरदारांच्या हाती असली, तरी नाण्यावर नाव मात्र चंगीझखानाच्या वंशातल्या कोणा ना कोणाचे असे. ओल्जाइतूची कन्या साती बेग हिच्या नावानेही इ.स. १३३९ मध्ये नाणी पाडली गेली. पुढे तैमूर स्वतः चंगीझवंशीय नसल्यामुळे आपल्या नाण्यांवर सुयुर्गतमिश या नामधारी खानाचे नाव घालीत राहिला. बगदादच्या खलीफाचे नाव गेल्याने जी जागा रिकामी झाली होती, ती अखेर चंगीझखानाच्या वंशाने भरून काढली, असा याचा अर्थ आहे. वैधतेचा उगम बदलला, परंतु आपल्याहून श्रेष्ठ अशा एका नावाची गरज राहिलीच.

८. निष्कर्ष

इलखानी नाण्यांच्या साक्षीवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नाण्यावरील धर्मवचन हा राजाच्या श्रद्धेचा सरळ पुरावा नव्हे. बौद्ध राजाच्या नाण्यावर कलमा आणि क्रूस दोन्ही असू शकले. दुसरी, गाझानाच्या काळचा निर्णायक बदल 'मंगोलांकडून इस्लामकडे' असा नसून 'कागानाच्या अंकिततेकडून स्वयंभू राज्याकडे' असा होता, आणि इस्लाम व तेंग्री हे दोघेही त्या बदलाचे आधार ठरले. तिसरी, मुद्रालेख कितीही समर्थ असला तरी धातूचा कस आणि वजन यांवाचून तो बाजारात टिकत नाही, हे चावच्या दोन महिन्यांनी दाखविले. रशीदुद्दीनाचा ग्रंथ आणि त्याच्या धन्याचे नाणे एकमेकांशेजारी ठेवून वाचले, म्हणजे ग्रंथ ज्याविषयी मौन पाळतो ते नाणे बोलते. इस्लामचा बादशहा म्हणून ज्या गाझानाची थोरवी वजिराने गायिली, त्याच गाझानाने आपल्या चांदीवर पूर्वजांच्या आकाशदैवताचे नाव पूर्वजांच्याच भाषेत कोरवून घेतले होते.